रोजची सुई की आठवड्याची? ग्रोथ हॉर्मोनच्या इंजेक्शनांचा हिशेब

मूल वर्गात सगळ्यात बुटकं आहे, एवढ्या कारणावर ग्रोथ हॉर्मोनची इंजेक्शनं सुरू करत नाहीत. हे आधीच सांगितलेलं बरं, कारण हल्ली चौकशी उलट्या टोकाकडून सुरू होते. नात्यातलं कुणीतरी आठवड्यातून एकदा घ्यायच्या इंजेक्शनची बातमी मोबाईलवर पाठवतं आणि नाशिकच्या कॉलेज रोडवरच्या दवाखान्यात आई-बाबांचा पहिलाच प्रश्न असतो, "रोजचं घ्यायचं की आठवड्याचं?" तोवर मुलाची उंची धड दोनदा मोजलेलीही नसते.

उंचीपेक्षा उंची वाढण्याचा वेग जास्त बोलका असतो. जन्मानंतरच्या पहिल्या वर्षात बाळ साधारण २५ सेंटीमीटर वाढतं, दुसऱ्या वर्षात १० ते १२. पुढे वेग उतरत जातो. चार-पाच वर्षांपासून वयात येईपर्यंत वर्षाला पाच-सहा सेंटीमीटर ही ठीक चाल. त्याच वयात वाढ वर्षाला चार सेंटीमीटरच्या आसपास अडकली, तर मूल आज फार बुटकं दिसत नसलं तरी तपासायला हवं. उलट एखादं मूल पहिल्यापासून लहान चणीचं आहे, पण दर वर्षी न चुकता साडेपाच सेंटीमीटर वाढतंय, तर घाबरण्यासारखं बहुधा काही नसतं. दाराच्या चौकटीवर पेन्सिलने केलेल्या खुणा हौसेपुरत्या ठीक आहेत. निदानासाठी मात्र बूट काढून, टाचा आणि पाठ टेकवून, एकाच उपकरणावर, निदान सहा महिन्यांच्या अंतराने घेतलेली मापं लागतात. एकदा कपाटाला टेकवून आणि एकदा शाळेच्या आरोग्य तपासणीत घेतलेल्या मापांची वजाबाकी करू नये. दोन सेंटीमीटरची चूक तिथेच होते आणि सहा महिन्यांची एकूण वाढच अडीच-तीन सेंटीमीटर असते.

ही मापं वाढीच्या तक्त्यावर मांडतात. पाच वर्षांपर्यंत जागतिक आरोग्य संघटनेचे तक्ते वापरतात, आणि ५ ते १८ वर्षांसाठी भारतीय बालरोग संघटनेने २०१५ साली आपल्या मुलांच्या मापांवरून केलेले. पुण्याचे डॉ. वामन खाडिलकर आणि त्यांच्या सहकाऱ्यांचं या तक्त्यांमागे मोठं काम आहे. तक्त्यावरची सगळ्यात खालची रेघ म्हणजे त्या वयाच्या १०० मुलांतली सगळ्यात बुटकी तीन जिथे येतात ती जागा. त्या रेघेखालचं प्रत्येक मूल आजारी नसतं, पण त्याची चौकशी व्हायला हवी.

मग घराण्याचा हिशेब. आई-वडिलांच्या उंचीची बेरीज करायची, मुलगा असेल तर त्यात १३ मिळवायचे, मुलगी असेल तर १३ वजा करायचे आणि दोनाने भागायचं. वडील १६८ आणि आई १५४ सेंटीमीटर असतील तर मुलाचा आकडा १६७.५ वर येतो आणि मुलीचा १५४.५ वर. यात सात-आठ सेंटीमीटर इकडेतिकडे चालतात. या घरातला मुलगा १७८ चा व्हावा ही इच्छा असू शकते, तो उपचाराचा मुद्दा होत नाही.

"याचे बाबाही दहावीनंतरच वाढले," असं आजी म्हणते तेव्हा ते हसण्यावारी नेऊ नका. उशिरा वयात येणारी मुलं अशीच असतात आणि हा वारसा बहुतेक वेळा आई-वडिलांपैकी कुणाकडून तरी आलेला असतो. डाव्या हाताच्या पंजाचा आणि मनगटाचा एक्स-रे काढून हाडांचं वय पाहिलं की ते खऱ्या वयाच्या मागे असल्याचं दिसतं. म्हणजे वाढायला अजून जागा शिल्लक आहे. फक्त हाडांचं वय मागे असणं ग्रोथ हॉर्मोनच्या कमतरतेतही दिसतं, आणि थायरॉइडच्याही, म्हणून आजीचं म्हणणं ऐकून तिथेच थांबता येत नाही.

साध्या तपासण्या आधी होतात. रक्तातलं हिमोग्लोबिन, किडनीचं काम, थायरॉइड, आणि गव्हाची अॅलर्जी म्हणून लोक ज्याला ओळखतात त्या सीलिअॅक आजाराची चाचणी. गहू न सोसणाऱ्या मुलाच्या आतड्याला पोळीने इजा होते, खाल्लेलं अंगी लागत नाही आणि कधी कधी पोट न बिघडता नुसती उंचीच खुंटते. त्याला हॉर्मोन नको, ज्वारी-बाजरी-तांदूळ हवेत. थायरॉइड कमी असेल तर रोजची एक स्वस्त गोळी वाढ परत रुळावर आणते. बुटक्या मुलीची गुणसूत्रांची तपासणीही करतात, कारण टर्नर सिंड्रोम हा एक्स गुणसूत्रातला जन्मजात दोष साधारण अडीच हजार मुलींत एकीला असतो आणि बाहेरून दुसरं काही लक्षण दिसेलच असं नाही.

या चाळणीतून जे उरतं, त्यातल्या काहींना खरोखर ग्रोथ हॉर्मोन कमी पडत असतं. हा आजार विरळा आहे, साधारण चार ते दहा हजार मुलांत एखाद्याला.

त्याचं निदान थोडं त्रासाचं आहे. ग्रोथ हॉर्मोन मेंदूच्या तळाशी असलेल्या पिच्युटरी ग्रंथीतून लाटांसारखं सुटतं, सगळ्यात मोठी लाट गाढ झोपेत. रक्तात आलं की वीसेक मिनिटांत निम्मं होतं. म्हणून सकाळी लॅबमध्ये जाऊन 'ग्रोथ हॉर्मोनची टेस्ट' केली आणि आकडा कमी आला, तर त्यातून काहीच सिद्ध होत नाही. निरोगी मुलाचाही दोन लाटांच्या मध्ये तो शून्याजवळ असतो. त्यासाठी मुलाला उपाशी ठेवून क्लोनिडीन किंवा ग्लुकॅगॉनसारखं औषध देतात, ग्रंथीला चालना देतात आणि दोन-तीन तास ठरावीक वेळाने रक्त घेतात. सहसा अशा दोन वेगळ्या चाचण्यांत आकडा मिलिलिटरमागे ७ ते १० नॅनोग्रॅमच्या मर्यादेखाली राहिला तर कमतरता मानतात, मर्यादा लॅबच्या पद्धतीवर ठरते. पुढे मेंदूचा एमआरआय. ग्रंथी लहान आहे का, तिथे गाठ आहे का, हे औषधाआधी कळलंच पाहिजे.

निफाड-दिंडोरीच्या द्राक्षबागेत वाढलेल्या माणसाला हे सगळं वाचून जीए, म्हणजे द्राक्षाचे मणी वाढवायचं जिबरेलिक आम्ल, आठवणं साहजिक आहे. घड जीएच्या द्रावणात बुडवला की मणी फुगतो, लांबतो. तसं हे इंजेक्शन दिलं की कुठलंही पोर उंच होईल, असा समज त्यातून होतो. ज्याला हॉर्मोन कमी आहे त्याच्यात फरक मोठा पडतो, हे खरं. पण ज्याच्या अंगात ते पुरेसं आहे आणि बुटकेपणाचं कारण सापडत नाही, अशा मुलांत कित्येक वर्षं इंजेक्शनं देऊन अंतिम उंचीत सरासरी साडेतीन ते साडेसात सेंटीमीटरची भर पडते. कुणाला त्याहून जास्त, कुणाला काहीच नाही. आणि हाडांच्या टोकांशी असलेल्या वाढीच्या चकत्या एकदा मिटल्या, की सतरा-अठरा वर्षांच्या मुलाला कितीही टोचलं तरी उंची एक सेंटीमीटर वाढत नाही. भिंतीवर चिकटवलेल्या 'उंची वाढवा' जाहिरातींतल्या पावडरी तर चकत्या उघड्या असतानाही काही करत नाहीत.

आता इंजेक्शनाकडे.

१९५८ साली अमेरिकेत पहिल्यांदा एका रुग्णाला मृत माणसांच्या पिच्युटरीतून काढलेलं हॉर्मोन देऊन वाढ होते हे दिसलं. पुढची सव्वीस-सत्तावीस वर्षं हाच एक मार्ग होता आणि साठा इतका तोकडा, की अगदी गरजू मुलांनाच तो मिळायचा. १९८५ मध्ये त्या हॉर्मोनमधून काही जणांना मेंदूचा जीवघेणा क्रॉइट्सफेल्ट-जेकब आजार झाल्याचं लक्षात आलं आणि ते बंद झालं. त्याच वर्षी प्रयोगशाळेत जिवाणूंकडून तयार करून घेतलेल्या हॉर्मोनला अमेरिकेत मान्यता मिळाली. आज 'रोजचं इंजेक्शन' म्हणतात ते याच वंशातलं, सोमाट्रोपिन. आपल्या शरीरात तयार होतो तोच १९१ अमिनो आम्लांचा रेणू. म्हणजे या औषधाच्या मागे चाळीस वर्षांचा अनुभव आहे, लाखो मुलं ते घेऊन मोठी झाली आहेत.

अडचण त्याच्या अल्पायुष्यात आहे. कातडीखाली टोचलं की काही तासांत त्याची पातळी वर जाते आणि दिवस उलटायच्या आत ते संपतं. म्हणून रोज. झोपेतल्या नैसर्गिक लाटेशी जुळावं म्हणून रात्री झोपण्याआधी. मांडी, पोट, कुल्ला, दंडाचा मागचा भाग, जागा बदलत राहायची. सुई केसासारखी बारीक असते आणि पेनमधून डोस ठरवता येतो, म्हणून दुखणं फार नसतं. पण सहा वर्षांच्या मुलाला चौदाव्या-पंधराव्या वर्षापर्यंत द्यायचं तर तीन हजारांच्या आसपास टोचण्या होतात. "एवढ्याशा लेकराला रोज सुया?" हा घरातला प्रश्न भाबडा नाही.

आठवड्याच्या इंजेक्शनाने हॉर्मोनचं काम बदललेलं नाही, फक्त त्याला शरीरात टिकवून धरण्याची युक्ती केली आहे. असा एक प्रयत्न पूर्वी फसलाही होता. महिन्यातून एकदा किंवा दोनदा द्यायच्या औषधाला १९९९ मध्ये अमेरिकेत मान्यता मिळाली आणि २००४ मध्ये ते बंद झालं. आत्ताची तीन प्रमुख औषधं तीन वेगळ्या वाटांनी गेली आहेत.

लोनापेगसोमाट्रोपिनमध्ये साधं हॉर्मोन एका मोठ्या वाहक रेणूला बांधलेलं असतं. बांधलेलं असेपर्यंत ते निष्क्रिय. शरीराच्या उष्णतेत आणि आम्लतेत तो बंध हळूहळू सुटत जातो आणि आठवडाभर थोडं थोडं मूळ हॉर्मोन मोकळं होतं. अमेरिकेत मुलांसाठी त्याला २०२१ मध्ये मान्यता मिळाली. सोमापासिटानमध्ये हॉर्मोनच्या रेणूत एक छोटा बदल करून त्याला चरबीसारख्या घटकाचं शेपूट जोडलंय. ते शेपूट रक्तातल्या अल्ब्युमिन नावाच्या प्रथिनाला धरून ठेवतं आणि अल्ब्युमिनसोबत हॉर्मोनही रक्तात टिकतं. मुलांसाठी मान्यता २०२३ ची. सोमाट्रोगॉनची कल्पना मला सगळ्यात मजेशीर वाटते. गरोदरपणाच्या घरगुती चाचणीत ज्या हॉर्मोनमुळे दोन रेघा उमटतात, ते एचसीजी शरीरात बराच वेळ टिकतं, कारण त्याला एक खास तुकडा जोडलेला असतो. तोच तुकडा ग्रोथ हॉर्मोनला तीन वेळा जोडला. रेणू दुपटीहून जड झाला आणि शरीरातून सावकाश बाहेर पडू लागला. हेही अमेरिकेत २०२३ मध्येच मान्य झालं. तिन्हींना मुलांसाठी तिथे पहिली मान्यता मिळाली ती ग्रोथ हॉर्मोनच्या कमतरतेसाठी. टर्नर किंवा जन्मतः कमी वजनाच्या मुलांसाठी रोजच्या इंजेक्शनाचा आधार कितीतरी जुना आहे.

इथे एक खड्डा आहे आणि पालकांच्या व्हॉट्सअॅप ग्रुपवर लोक त्यात हटकून पडतात. २० किलोच्या मुलाला रोजचं इंजेक्शन साधारण अर्धा ते पाऊण मिलिग्रॅम लागतं, म्हणजे आठवड्याला साडेतीन ते पाच मिलिग्रॅमच्या आसपास. त्याच मुलाला सोमापासिटान आठवड्याला ३.२ मिलिग्रॅम, लोनापेगसोमाट्रोपिन ४.८ मिलिग्रॅम आणि सोमाट्रोगॉन तब्बल १३.२ मिलिग्रॅम. हे पाहून एकजण म्हणतो, "आमच्या डॉक्टरांनी चौपट डोस दिलाय," दुसरी म्हणते, "आमचा कमी पडतोय." दोघंही चुकतात. रेणू वेगळे, त्यांचं वजन वेगळं, दर मिलिग्रॅममागे मिळणारा परिणाम वेगळा. एकाचे मिलिग्रॅम दुसऱ्याच्या मिलिग्रॅमशी ताडून पाहता येत नाहीत. त्यात रोजच्या पेनवर काही कंपन्या मिलिग्रॅम लिहितात आणि काही युनिट. एक मिलिग्रॅम म्हणजे तीन युनिट. ब्रँड बदलताना हा आकडा डॉक्टरांकडून कागदावर लिहून घ्यावा.

मग उंची कशाने जास्त वाढते? तिन्ही औषधांची रोजच्या सोमाट्रोपिनशी समोरासमोर तुलना झालेली आहे, सगळ्यांत वर्षभर, आधी कुठलाही उपचार न घेतलेल्या मुलांवर. लोनापेगसोमाट्रोपिनच्या अभ्यासात १६१ मुलं होती. आठवड्याचं घेणाऱ्यांचा वाढीचा वेग वर्षाला ११.२ सेंटीमीटर आणि रोजचं घेणाऱ्यांचा १०.३. सोमापासिटानच्या अभ्यासात २०० मुलं, तिथे उलट, आठवड्याचं ११.२ आणि रोजचं ११.७. सोमाट्रोगॉनच्या २२४ मुलांत १०.१ आणि ९.८. थोडक्यात, कुठे अर्धा सेंटीमीटर इकडे, कुठे एक सेंटीमीटर तिकडे. पहिल्या अभ्यासातला फरक संख्याशास्त्राच्या कसोटीवर उतरला, तरी त्यावरून 'आठवड्याचं जास्त जोरदार' असं म्हणायला मी धजावणार नाही. उंचीच्या बाबतीत दोन्ही बरोबरीची आहेत, असं समजून चालणं शहाणपणाचं.

आणखी एक. वर्षाला ११ सेंटीमीटर हा आकडा पाहून हरखून जाऊ नका. कित्येक वर्षं अडलेली वाढ औषध मिळताच पहिल्या वर्षात उसळी घेते. दुसऱ्या वर्षी वेग कमी होतो, तिसऱ्या वर्षी आणखी. ते औषध निकामी झाल्याचं लक्षण नव्हे, सगळ्याच ग्रोथ हॉर्मोनचं असं होतं.

बरोबरीच असेल तर मग एवढा खटाटोप कशासाठी? याचं उत्तर न घेतलेल्या इंजेक्शनांत आहे. अभ्यासात पालक वही भरतात, नर्स फोन करते, म्हणून रोजचा डोस सहसा चुकत नाही. घरी चुकतो. न्यूझीलंडमध्ये २०११ साली प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात परत आलेल्या रिकाम्या कुप्या मोजल्या, तेव्हा दर तिघांतली दोन मुलं आठवड्यात एकाहून जास्त डोस चुकवत होती आणि त्यांची वाढही कमी होत होती. नाशिकचं एखादं घर डोळ्यांसमोर आणा. बाबा अंबडच्या कारखान्यात, शिफ्ट बदलती. आई नोकरी करते. संध्याकाळी क्लास, गणपतीत रात्रीचे अकरा वाजलेले, मे महिन्यात पोर मामाच्या गावी आणि मामीला सुई टोचायला भीती वाटते. एक एक दिवस गळत जातो. सहा महिन्यांनी वाढ कमी दिसते आणि डॉक्टर डोस वाढवतात, कारण चुकलेल्या दिवसांबद्दल कुणी बोललेलंच नसतं. आठवड्याच्या इंजेक्शनाचा खरा फायदा अशा घराला आहे. वर्षाला ३६५ ऐवजी ५२, रविवारी सकाळी आंघोळीनंतर, संपलं.

पण हिशेबाची दुसरी बाजूही आहे. रोजचा एक डोस चुकला तर एका दिवसाचं नुकसान, दुसऱ्या दिवशी नेहमीचाच डोस द्यायचा, दुप्पट नाही. आठवड्याचा चुकला तर अख्खा आठवडा जातो. लक्षात आलं की लगेच देता येतं, पण त्याला मुदत आहे. सोमापासिटान आणि सोमाट्रोगॉनला तीन दिवस, लोनापेगसोमाट्रोपिनला दोन. ती टळली तर तो डोस सोडून पुढच्या ठरलेल्या वारी द्यायचा. रोजची गोष्ट दात घासण्यासारखी अंगवळणी पडते, आठवड्याची कधी कधी पडत नाही. ज्या घरात सोमवारची औषधं बुधवारी आठवतात, तिथे मोबाईलवर गजर लावल्याशिवाय आठवड्याचं सुरू करू नये.

टोचण्या कमी म्हणजे दुखणं कमी, असंही सरळ गणित नाही. सोमाट्रोगॉनच्या अभ्यासात टोचल्या जागी दुखण्याची तक्रार आठवड्याच्या गटात सुमारे ३९ टक्के मुलांनी केली, रोजच्या गटात २५ टक्क्यांनी. दुखणं बहुतेकांचं किरकोळ होतं. सोमापासिटानच्या अभ्यासात हा फरक दिसला नाही. सुईचीच धास्ती असलेल्या मुलाला आठवड्यातून एकदा थोडं जास्त दुखलेलं परवडतं की रोज थोडं थोडं, हे त्यालाच विचारावं. सात-आठ वर्षांची मुलं याचं उत्तर नीट देतात.

रक्ताच्या तपासणीतही एक बारकावा आहे. ग्रोथ हॉर्मोन यकृताकडून आयजीएफ-१ नावाचं दुसरं हॉर्मोन तयार करून घेतं आणि डोस बरोबर आहे का ते त्यावरून पाहतात. रोजच्या इंजेक्शनात आयजीएफ-१ बऱ्यापैकी स्थिर असतं, केव्हाही रक्त दिलं तरी चालतं. आठवड्याच्या औषधात ते दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी शिखर गाठतं आणि पुढचं इंजेक्शन येईपर्यंत खाली येतं. रविवारी इंजेक्शन आणि मंगळवारी रक्त दिलं तर आकडा उगाच जास्त येईल, शनिवारी दिलं तर कमी. आठवड्याची सरासरी साधारण चौथ्या-पाचव्या दिवशी कळते. म्हणून लॅबच्या कागदावर इंजेक्शनाचा वार लिहायचा. नाहीतर चांगला चाललेला डोस विनाकारण बदलला जातो.

साठवणीचा विषय नाशिकला महत्त्वाचा, कारण एप्रिल-मेमध्ये पारा चाळिशीला भिडतो. ही औषधं २ ते ८ अंशांत ठेवायची, म्हणजे फ्रिजमध्ये, पण फ्रीजरपासून दूर. एकाच दाराच्या फ्रिजमध्ये वरच्या कप्प्यात, बर्फाच्या खाली ठेवलेलं पेन गोठतं आणि एकदा गोठलेलं औषध वितळल्यावर कितीही स्वच्छ दिसलं तरी फेकावं लागतं. दारातही ठेवू नये, दर वेळी उघडताना बाहेरची गरम हवा लागते. पेठ-सुरगाण्याकडे वीज चार-पाच तास गेली तर फ्रिज बंदच ठेवायचा, तेवढ्यात आतली थंडी टिकते. औषध आणताना बर्फाच्या पाकिटाला पेन थेट चिकटू देऊ नका, मध्ये रुमाल गुंडाळा. फ्रिजबाहेर किती वेळ चालतं हे प्रत्येक औषधाचं वेगळं आहे. लोनापेगसोमाट्रोपिन ३० अंशांखाली सहा महिने राहू शकतं, सोमाट्रोगॉनला दर वापरावेळी जेमतेम चार तास. पंचवटी एक्स्प्रेसने मुंबईला जाऊन यायचं असेल तरी हा फरक जाणवतो.

पैशाचं न बोलता हा विषय पुरा होत नाही. डोस वजनावर ठरतो, म्हणजे मूल वाढेल तसा खर्चही वाढतो आणि तो कित्येक वर्षं चालतो. दोन औषधांची तुलना करताना पेनच्या किमतीची तुलना करू नका, एका पेनमध्ये किती दिवसांचं औषध आहे ते वेगळं असतं. आपल्या मुलाच्या आजच्या वजनाला महिन्याचा खर्च किती, आणि वजन दहा किलोंनी वाढल्यावर किती, हे दोन्ही आकडे सुरू करण्याआधी काढून घ्या. आठवड्याचं औषध सुरू करून वर्षभरात पैशाअभावी थांबवण्यापेक्षा रोजचं सलग पाच वर्षं दिलेलं केव्हाही बरं. हे माझं मत आहे आणि मी त्यावर ठाम आहे. मदतीची एक वाटही माहीत असू द्या. केंद्र सरकारच्या २०२१ च्या दुर्मीळ आजार धोरणात दुसऱ्या गटात सिद्ध झालेली ग्रोथ हॉर्मोनची कमतरता, टर्नर, आणि प्राडर-विली व नूनन सिंड्रोम हे जन्मजात आजार यांच्यासाठीचा ग्रोथ हॉर्मोन उपचार येतो. मदत ठरवून दिलेल्या मोठ्या केंद्रांतून मिळते, मुंबईचं केईएम रुग्णालय त्यांपैकी एक. तिथे नुसती चिठ्ठी चालत नाही, चालना देऊन केलेल्या चाचण्यांचे कागद, एमआरआय, वाढीचा तक्ता सगळं लागतं. म्हणून पहिल्या दिवसापासून एक फाईल ठेवा.

दुष्परिणाम दोन्हींचे सारखेच. सतत डोकं दुखणं, उलटी, नजर धूसर होणं हे मेंदूभोवतीचा दाब वाढल्याचं लक्षण असू शकतं. मूल लंगडायला लागलं किंवा गुडघा-मांडी दुखते म्हणालं, तर 'खेळताना लचकलं असेल' म्हणून मलम चोळत बसू नका, खुब्याचं हाड सरकलेलं असू शकतं आणि त्याला लगेच एक्स-रे लागतो. पाठीचा बाक आधीपासून असेल तर वाढीच्या वेगाबरोबर तोही वाढतो. साखर आणि थायरॉइड अधूनमधून पाहतात. कॅन्सरचा उपचार चालू असलेल्या मुलाला हे देत नाहीत. फरक एवढाच, की रोजच्या औषधाबद्दल आपल्याला चाळीस वर्षांचं माहीत आहे आणि आठवड्याच्या औषधांचा अनुभव अजून काही वर्षांचाच आहे. सोमाट्रोगॉन घेणाऱ्या बऱ्याच मुलांच्या रक्तात औषधाविरुद्धची प्रतिपिंडं दिसली. वाढीवर त्यांचा परिणाम दिसलेला नाही.

मग आधीपासून रोजचं चालू असलेल्यांनी बदलावं का? मूल कुरकुर न करता घेतंय, डोस चुकत नाहीत, तक्त्यावरची रेघ वर चढतेय, तर मी तरी हात लावणार नाही. डोस चुकत असतील, रोज रात्री घरात रडारड होत असेल, किंवा मूल आता वसतिगृहात राहणार असेल, तर डॉक्टरांशी बोलावं. बदल अवघड नाही. शेवटचं रोजचं इंजेक्शन झालं की सहसा दुसऱ्याच दिवशी आठवड्याचं पहिलं देतात. नंतर वार बदलायचा झाला, तर दोन इंजेक्शनांत औषधानुसार तीन ते पाच दिवसांचं अंतर लागतं. तेही आधी विचारून घ्यावं.

दोन्ही प्रकारांत थांबायची वेळ एकच. वाढ वर्षाला दोन सेंटीमीटरहून कमी झाली आणि एक्स-रेमध्ये चकत्या मिटत आल्याचं दिसलं, की उंचीसाठीचा उपचार संपतो. त्यानंतर निदान महिनाभर औषध बंद ठेवून पुन्हा चाचणी करतात. लहानपणी फक्त ग्रोथ हॉर्मोनच कमी होतं आणि एमआरआय साधा होता, अशा बऱ्याच मुलांचा आकडा तेव्हा सामान्य येतो आणि इंजेक्शन कायमचं सुटतं. ज्यांचा येत नाही, त्यांना मोठेपणीही ते लागतं, स्नायू, हाडं आणि चरबीच्या तोलासाठी. डोस मात्र लहानपणाच्या मानाने बराच कमी असतो.